सबस्क्रिप्शन सोडून दुसऱ्या एडिटिंग प्रोग्रामवर जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला पैसे मागणारा व्हिडिओ एडिटिंग प्रोग्राम सोडायचा असं ठरवलेली माणसं बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात, "आता कुठला घेऊ?" त्याचं उत्तर खाली दिलं आहे. पण त्याच्या आधी विचारायला हवा असा एक प्रश्न सगळेच विसरतात, म्हणून सुरुवात त्यानेच करते.

आधी सबस्क्रिप्शन बंद करू, की आधी नवा प्रोग्राम शिकू?

आधी जुनं काम बाहेर काढा. मग नवा प्रोग्राम शिका. सबस्क्रिप्शन सगळ्यात शेवटी बंद करा.

मी हे नेमकं उलटं केलं होतं. मुदत संपू दिली. प्रोजेक्टच्या फाइली तर माझ्याच डिस्कवर आहेत, असं म्हणून निर्धास्त राहिले. दोन महिन्यांनी एका जुन्या माहितीपटाच्या श्रेयनामावलीत एका बाईंचं नाव चुकल्याचं कळलं. फाइल समोर दिसत होती, पण उघडणारा प्रोग्राम "आधी पैसे भरा" म्हणत होता. एक अक्षर दुरुस्त करायला मला पूर्ण महिन्याचे पैसे भरावे लागले. पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. फुटेज माझं, कट माझे, वर्षभराची मेहनत माझी, आणि ती बघायला परवानगी मात्र दुसऱ्याची.

म्हणून जोवर जुना प्रोग्राम उघडतो आहे, तोवरच आवराआवर करा. एक महिना दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालू ठेवा. त्या एका महिन्याचा खर्च वाया जात नाही.

जुन्या प्रोग्राममधून नेमकं काय काय बाहेर काढायचं?

सगळ्या प्रोजेक्टचं सगळं नाही. आधी यादी करा : कुठली कामं पुन्हा उघडावी लागणार आहेत, कुठली पूर्ण झाली आहेत, कुठली अर्धवट आहेत. पूर्ण झालेल्या कामांसाठी उत्तम दर्जाची एक मास्टर फाइल पुरते. जमल्यास तिच्याबरोबर शीर्षकं नसलेली एक प्रत आणि आवाजाचे वेगळे ट्रॅक ठेवा, म्हणजे संवाद एका फाइलीत, संगीत दुसरीत, इफेक्टचे आवाज तिसरीत. पुढे कोणी भाषा बदलून मागितली किंवा संगीत काढायला सांगितलं, तर एवढ्यावर काम भागतं.

मास्टर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या दर्जा राखणाऱ्या, कमी दाबलेल्या प्रकारांत काढा. यूट्यूबवर चढवलेली एमपी४ ही मास्टर नव्हे. जागेचा अंदाज आधी घ्या : १९२० बाय १०८० आकाराचं, २९.९७ फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू तासाला साधारण ९९ जीबी घेतं. साधं प्रोरेस ४२२ तासाला ६६ जीबीच्या आसपास जातं, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

जी कामं पुन्हा उघडणार आहेत, त्यांच्यासाठी प्रत्येकी एवढ्या गोष्टी हव्यात : टाइमलाइनची, म्हणजे क्लिपच्या मांडणीची, एक्सएमएल फाइल (ती काय ते पुढे सांगते), सगळं मूळ फुटेज एका फोल्डरमध्ये, सबटायटल्सची एसआरटी फाइल, आणि त्या टाइमलाइनचा पूर्ण रेंडर केलेला एक व्हिडिओ. हा शेवटचा व्हिडिओ का, ते पुढे येईल.

अडोबी कंपनीच्या सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या प्रीमियर प्रोमध्ये फुटेज गोळा करायला प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वापरलेल्या सगळ्या फाइली शोधून तो एका ठिकाणी कॉपी करतो. चार वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर विखुरलेलं फुटेज एकत्र आणण्याचं काम तुम्ही अनेक वर्षं टाळत आला असाल, तर ते आता होऊन जाईल.

एक्सएमएलमधून सगळं जसंच्या तसं येतं का?

नाही. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक्सएमएल म्हणजे टाइमलाइनची लिहून काढलेली हकिकत. कुठली क्लिप, कुठल्या फ्रेमपासून कुठल्या फ्रेमपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर. ही हकिकत दुसरा प्रोग्राम वाचतो आणि आपल्या पद्धतीने टाइमलाइन पुन्हा मांडतो. कट बरोबर येतात. साधे डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणं, येतात. क्लिपचा आकार, जागा आणि पारदर्शकता बहुतेक वेळा येते. आवाजाची पातळीही बहुधा येते.

येत नाही ते असं : त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या पद्धतीने बनवलेली शीर्षकं आणि ग्राफिक्स, बाहेरून विकत घेतलेले प्लगइन, ल्युमेट्री या प्रीमियरच्या रंगसाधनात केलेलं कलर, आफ्टर इफेक्ट्स या अडोबीच्याच इफेक्टच्या प्रोग्रामशी थेट जोडलेल्या क्लिप. कमीजास्त होणारा वेग आणि एकात एक घातलेल्या टाइमलाइन कधी नीट येतात, कधी मोडतात. त्यांच्यावर विसंबू नका.

त्यामुळे एक्सएमएल काढायच्या आधी टाइमलाइनची एक प्रत करा आणि त्या प्रतीवर साफसफाई करा. बंद करून ठेवलेल्या क्लिप उडवा. मल्टिकॅम, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र बांधलेलं फुटेज, सपाट करा. घातलेल्या टाइमलाइन उलगडा. आफ्टर इफेक्ट्सच्या क्लिप रेंडर करून त्यांच्या जागी बसवा. शीर्षकं प्रोरेस ४४४४मध्ये पारदर्शक पार्श्वभूमीसह रेंडर करा, म्हणजे ती साधी क्लिप म्हणून कुठेही लागतील. मग फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून फायनल कट प्रो एक्सएमएल निवडा. नाव ॲपलच्या फायनल कटचं असलं तरी हा त्याच्या जुन्या आवृत्तीचा प्रकार आहे, आणि तो इतर अनेक प्रोग्रामही वाचतात.

कलरचं थोडं वाचवता येतं. ल्युमेट्रीतला लूक क्यूब प्रकारची एलयूटी, म्हणजे रंग बदलण्याचा तक्ता, म्हणून बाहेर काढता येतो आणि ती एलयूटी दुसरीकडे लावता येते. पण एलयूटीत फक्त रंगाचा हिशोब मावतो. व्हिनेट, शार्पनिंग, चेहऱ्यापुरता केलेला मास्क यातलं काही तिच्यात येत नाही. मी स्वतः जुनं कलर ओढून आणायच्या भानगडीत पडत नाही, नव्याने करते. पहिल्या कामाला वेळ लागतो, तिसऱ्या कामापर्यंत हात बसतो.

ईडीएल आणि एएएफ काय आहेत? तेही काढून ठेवू का?

ईडीएल हा फार जुना प्रकार, टेपवर एडिटिंग व्हायचं त्या काळातला. साध्या मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी वाचता येते, आणि हीच तिची ताकद. जवळजवळ काहीच सांभाळत नाही, पण कटांच्या वेळा पक्क्या सांभाळते. दहा सेकंदांत निघते, काढून ठेवा. आवाजाचं काम दुसऱ्याकडे जाणार असेल तर एएएफ, म्हणजे टाइमलाइन आवाजाच्या प्रोग्रामकडे नेणारी फाइल, लागते, नसेल तर सोडून द्या.

टाइमलाइन नेण्याचा ओपनटाइमलाइनआयओ नावाचा एक नवा खुला प्रकारही आहे. तो पिक्सारमध्ये जन्मला, आता अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आहे. दोन्ही प्रोग्रामांत त्याची सोय असेल तर त्यानेही एकदा करून बघा.

आता सांगा, कुठला घेऊ?

बहुतेकांना माझं उत्तर दाविंची रिझॉल्व्ह हेच असतं. ब्लॅकमॅजिक डिझाइन ही ऑस्ट्रेलियातली कॅमेरे आणि स्टुडिओची यंत्रं बनवणारी कंपनी. तिने २००९मध्ये दा विंची सिस्टिम्स विकत घेतली. रिझॉल्व्ह तेव्हा चित्रपटांच्या रंगकामाचं महागडं साधन होतं. पुढे त्यात एडिटिंग आलं, फ्यूजन हे कंपोझिटिंगचं, म्हणजे चित्रं एकमेकांवर बसवण्याचं, साधन आलं, फेअरलाइट हे आवाजाचं साधन आलं. आज हे सगळं एकाच प्रोग्रामात आहे, आणि फुकटच्या आवृत्तीतही त्यातलं खूप काही मिळतं. वॉटरमार्क येत नाही, मुदत संपत नाही, व्यावसायिक कामाला वापरता येते. कंपनीचा मुख्य धंदा यंत्रं विकण्याचा आहे, त्यामुळे हे तिला परवडतं.

फुकट आवृत्तीच्या मर्यादा मात्र आधीच समजून घ्या. एक्सपोर्ट ३८४० बाय २१६० आकारापर्यंत आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच होतं. नॉइज कमी करण्याचं चांगलं साधन स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत आहे. तिथलंच एखादं साधन फुकट आवृत्तीत लावून बघितलं, तर चित्रावर वॉटरमार्क येतो. १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगाचा जास्त तपशील ठेवणारं, फुटेज देणारा कॅमेरा असेल, तर ठरवण्याआधी त्याची एक खरी क्लिप टाकून बघा. काही प्रकार फुकट आवृत्तीत उघडत नाहीत. स्टुडिओचे पैसे एकदाच भरायचे असतात, आणि आजवर पुढच्या आवृत्त्या त्याच परवान्यावर मिळत आल्या आहेत.

मॅक असेल आणि काम पटापट हातावेगळं करायचं असेल, तर फायनल कट प्रो. मॅकसाठी तो एकरकमी विकत घेता येतो. आयपॅडवरची आवृत्ती मात्र सबस्क्रिप्शनवर चालते, त्यात गल्लत करू नका. क्लिप आपोआप एकमेकींना चिकटवणारी त्याची चुंबकी टाइमलाइन नेहमीच्या ट्रॅकच्या पद्धतीपेक्षा अगदी वेगळी आहे. काहींना ती आठवड्यात आवडते, काहींना कधीच नाही. चाचणी आवृत्तीवर एक खरं काम पूर्ण करूनच ठरवा.

कॉम्प्युटर जुना असेल किंवा लिनक्स वापरत असाल, तर केडेनलाइव्ह. २००२च्या सुमाराला सुरू झालेला, केडीई समुदायाचा मुक्त प्रोग्राम. आजवर टिकला आणि वाढत राहिला. त्याची प्रोजेक्ट फाइल म्हणजे साधी वाचता येणारी एक्सएमएल. उद्या हा प्रोग्राम नाहीसा झाला तरी तुमच्या कटांच्या वेळा तुमच्या हातात राहतील. माझ्या मनात केडेनलाइव्हबद्दल जो जिव्हाळा आहे तो याच कारणामुळे, जरी कलरच्या बाबतीत तो रिझॉल्व्हच्या जवळपासही येत नाही.

शॉटकट आणखी सोपा आहे. घरगुती समारंभ, शाळेचे प्रकल्प, छोटी भाषणं एवढंच काम असेल तर त्यावर छान भागतं. ओपनशॉट त्याहून सोपा, पण लांबलचक कामात मी तो वापरणार नाही.

लिनक्सवर रिझॉल्व्ह टाकला, पण मोबाइलचं फुटेज उघडतच नाही. काय चुकलं?

काही चुकलेलं नाही. लिनक्सवरची फुकट आवृत्ती मोबाइलच्या फुटेजचे नेहमीचे एच.२६४ आणि एच.२६५ हे प्रकार वाचत नाही, आणि एएसी आवाजाचीही अडचण येते. फुटेज आधी डीएनएक्सएचआर आणि साध्या, न दाबलेल्या पीसीएम आवाजात बदलून घ्यावं लागतं. शटर एन्कोडरसारख्या साधनाने ते होतं. रोजच्या रोज हे करावं लागणार असेल, तर केडेनलाइव्हवरच राहा.

माझा कॉम्प्युटर पुरेल का?

रिझॉल्व्ह ग्राफिक्स कार्डावर जगतो. प्रोसेसर कितीही तगडा असला तरी कार्ड कमकुवत असेल तर तो अडखळतो. मेमरी १६ जीबी धरा, फ्यूजन वापरायचं असेल तर ३२ जीबी. नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ येणार असेल, तर ती रक्कमही हिशोबात धरा. सबस्क्रिप्शन वाचवायला निघून त्याच्या कितीतरी पट खर्च केलेली माणसं मी पाहिली आहेत.

त्याआधी प्रॉक्सी करून बघा. प्रॉक्सी म्हणजे जड फुटेजच्या हलक्या प्रती. एडिटिंग त्यांच्यावर करायचं, शेवटचा रेंडर मूळ फुटेजवरून. रिझॉल्व्ह, फायनल कट, केडेनलाइव्ह, शॉटकट, चारही प्रोग्रामांत ही सोय आहे, आणि पुष्कळदा जुना कॉम्प्युटर एवढ्यावर आणखी दोन वर्षं निभावतो.

हिशोब कसा मांडायचा?

नव्या प्रोग्रामची एकरकमी किंमत घ्या, तिला महिन्याच्या हप्त्याने भागा. जो आकडा येईल तितक्या महिन्यांत किंमत वसूल. त्यात पुन्हा विकत घ्यावे लागणारे प्लगइन मिळवा. शिकण्यात जाणारे दिवसही धरा, विशेषतः एडिटिंगवर घर चालत असेल तर. आणि जुन्या सबस्क्रिप्शनमध्ये एडिटिंगशिवाय आणखी काय वापरता ते बघा. फोटो आणि डिझाइनचे प्रोग्राम रोज लागत असतील, तर एकट्या एडिटिंगचा प्रोग्राम बदलून फारसे पैसे वाचणार नाहीत.

सबस्क्रिप्शन रद्द करताना दंड लागतो का?

लागू शकतो. "महिन्याला इतके" असं दिसलं तरी करार अनेकदा वर्षाचा असतो, फक्त हप्ते महिन्याचे. अडोबीच्या अशा योजनेत पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच सोडलं, तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे मागितले जातात. हीच अट ग्राहकांपासून नीट उघड केली जात नाही, असा आरोप ठेवून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या न्याय खात्याने जून २०२४मध्ये कंपनीवर दावा दाखल केला होता. तुमची योजना कुठलीही असो, खात्यात जाऊन वर्ष कधी पूर्ण होतं ती तारीख शोधा. त्याआधी दीड महिन्याची आठवण कॅलेंडरमध्ये लावा आणि आवराआवर तेव्हा सुरू करा.

फाँट, संगीत आणि क्लाउडवरच्या फाइलींचं काय?

सबस्क्रिप्शनबरोबर आलेले फाँट सबस्क्रिप्शनबरोबर जातात. आधी बनलेल्या व्हिडिओंना धक्का लागत नाही, पण नवं शीर्षक त्याच फाँटमध्ये करता येत नाही. तुमच्या मालिकेची ओळखच त्या फाँटवर असेल तर मुक्त परवान्याचा पर्याय आत्ताच शोधा. संगीताच्या प्रत्येक लायब्ररीची अट वेगळी असते. जुन्या व्हिडिओंवरचा हक्क टिकतो का हे परवान्यात वाचा आणि परवान्याची प्रत फुटेजच्याच फोल्डरमध्ये ठेवा. क्लाउडवरचं सगळं उतरवून घ्या.

नव्या प्रोग्राममध्ये देवनागरी शीर्षकं नीट दिसतील का?

हे गृहीत धरू नका, तपासा. "श्री", "क्षितिज", "दुसऱ्या", "कीर्ती", "ज्ञानेश्वर" हे शब्द टाइप करून बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते का, जोडाक्षर फुटतं का, रफार भलतीकडे जातो का. एकाच प्रोग्रामातल्या दोन शीर्षक-साधनांपैकी एकात मजकूर बरोबर आणि दुसऱ्यात मोडलेला, असंही होतं. जिथे मोडतो तिथे इंकस्केपसारख्या मुक्त प्रोग्राममध्ये शीर्षक बनवा आणि पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. जास्तीचं काम आहे, मान्य. पण मोडकं अक्षर पडद्यावर गेलं तर बघणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं.

आणलेली टाइमलाइन बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आता तो रेंडर केलेला व्हिडिओ कामाला येतो. आणलेल्या टाइमलाइनवर सगळ्यात वरच्या ट्रॅकला तो ठेवा आणि त्याचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, डिफरन्स करा. दोन्ही चित्रं जिथे तंतोतंत जुळतात तिथे पडदा काळा दिसतो. जिथे क्लिप एका फ्रेमने जरी सरकली असेल, तिथे कडा चमकतात. कलर बदललेलं असेल तर सगळीकडे फिकट आकृती दिसेल, तिची काळजी नको. तुम्ही फक्त कट शोधत आहात. रिझॉल्व्हमध्ये हाच व्हिडिओ ऑफलाइन रेफरन्स म्हणून जोडून शेजारी शेजारी ताडूनही बघता येतो.

एक तासाची टाइमलाइन अशी तपासायला एक तास लागतो. तो द्या. मी एकदा फक्त सुरुवात आणि शेवट बघून समाधान मानलं आणि मधल्या एका मुलाखतीत ओठ आणि आवाज अर्ध्या सेकंदाने वेगळे झाले होते.

ओठ आणि आवाज वेगळे का होतात?

बहुतेक वेळा मोबाइलच्या फुटेजमुळे. मोबाइल सेकंदाला कधी ३० फ्रेम घेतो, कधी २९, कधी थोड्या कमी. याला बदलता फ्रेम रेट म्हणतात. प्रत्येक प्रोग्राम हे आपल्या पद्धतीने निस्तरतो, म्हणून जुन्यात जुळलेलं नव्यात सरकतं. अशा क्लिप हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये घेऊन स्थिर फ्रेम रेट निवडा आणि नव्याने काढा. हे नव्या कामात, एडिटिंग सुरू करण्याआधीच करायचं.

दुसरं कारण टाइमलाइनचा फ्रेम रेट. रिझॉल्व्हमध्ये पहिली क्लिप टाकली की प्रोजेक्टचा फ्रेम रेट पक्का होतो, नंतर बदलता येत नाही. २५ आणि २९.९७ यांत घोटाळा झाला तर सगळं निस्तरण्यापेक्षा नवी टाइमलाइन करणं सोपं पडतं. एक्सएमएल आणण्याआधी मूळ टाइमलाइनचा आकडा कागदावर लिहून ठेवा.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टची फाइल सापडत नाही. गेली कुठे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण घाबरून विचारतो. रिझॉल्व्ह प्रोजेक्टची वेगळी फाइल ठेवत नाही, सगळं त्याच्या लायब्ररीत, म्हणजे डेटाबेसमध्ये जातं. कॉम्प्युटर बिघडला तर फुटेज दुसऱ्या डिस्कवर सुखरूप असेल, पण कट गेलेले असतील. म्हणून दिवसाच्या शेवटी प्रोजेक्ट मॅनेजरमधून प्रोजेक्ट एक्सपोर्ट करा. त्यातून डीआरपी प्रकारची छोटी फाइल निघते, ती फुटेजच्या फोल्डरमध्ये ठेवा. काम संपल्यावर आर्काइव्ह करा, त्यात फुटेजही बरोबर येतं. सेटिंगमधून आपोआप बॅकअपही चालू करून ठेवा.

सगळे शॉर्टकट नव्याने पाठ करायचे?

नाही. रिझॉल्व्हच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रीमियर, फायनल कट आणि एव्हिड यांचे तयार संच आहेत. पहिल्या महिन्यात तेच वापरा.

एकदा विकत घेतला की प्रोग्राम कायमचा आपला, बरोबर?

परवाना आपला. पण प्रोग्राम कायम चालेलच असं नाही. २०११मध्ये फायनल कट प्रो एक्स आला तेव्हा आधीच्या आवृत्तीतले प्रोजेक्ट त्यात उघडत नव्हते. अनेक एडिटर जुन्यावरच थांबले. मग २०१९मध्ये मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं आणि नव्या मॅकवर तो रस्ताही संपला. ज्यांनी एक्सएमएल आणि मास्टर काढून ठेवले होते, त्यांचं काम पुढे आलं. अडोबीची सीएस६ ही २०१२ची आवृत्ती एकरकमी मिळणाऱ्यांतली शेवटची होती. २०१३मध्ये कंपनी पूर्णपणे सबस्क्रिप्शनकडे वळली. तेव्हा नव्या घरी गेल्यावरही ही सवय सोडू नका : प्रत्येक कामाच्या शेवटी मास्टर, एक्सएमएल, एसआरटी आणि फुटेज एका जागी.

जुना प्रोग्राम कॉम्प्युटरवरून कधी काढू?

नव्यावर एक काम पहिल्या कटापासून शेवटच्या रेंडरपर्यंत पूर्ण झालेलं असावं. आणलेल्या जुन्या प्रोजेक्टपैकी निदान एक डिफरन्स लावून तपासलेला असावा. आणि बॅकअपमधला एक प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलेला असावा, फुटेजसकट, एकही क्लिप लाल, म्हणजे फाइल न सापडलेली, न दिसता. हे तिन्ही झालं की सबस्क्रिप्शन रद्द करा, रद्द झाल्याचा मेल जपून ठेवा, आणि मग प्रोग्राम काढा.